शेजारचे गृहस्थ

नौदलाच्या जहाजावर जायचं म्हणून सुनेनं सासऱ्यांसाठी नवा शर्ट आणला होता. पांढरा, ताठ कॉलरचा. बाबांनी तो घालून आरशासमोर छाती फुगवली आणि बायकोला विचारलं, "कसा दिसतो? ॲडमिरल?"

"ॲडमिरलचा धोबी," सासूबाई म्हणाल्या.

बाबा खदाखदा हसले. त्यांचं हसणं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. उभं आयुष्य त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनखान्यात तेलवाला म्हणून काढलं होतं. त्या धडधडाटात कान अर्धे गेले, आणि ज्याला कमी ऐकू येतं तो जसा मोठ्यानं बोलतो तसे ते बोलायचे. नखांच्या कडेला बसलेली काळी रेघ तर काही केल्या जात नसे.

"बाबा, तिथं जरा हळू बोला हं," सून म्हणाली. "सगळे मोठे लोक असतात."

"कळलं, पोरी. तोंडाला कुलूप."

वर्षातून एकदा जहाजं आपल्या माणसांच्या घरच्यांना बोलावतात. एरवी बायकांना माहीत असतो तो बंदराचा धक्का आणि हलवलेला रुमाल. नवरा जातो म्हणजे नेमका कुठं जातो, कुठं झोपतो, कसा जेवतो, ते ह्या एका दिवशी कळतं. आईवडील, बायकापोरं यांना जहाजावर घेतात, समुद्रात फिरवतात आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडतात. तिचा नवरा साधा खलाशी म्हणून भरती झालेला. परीक्षा देत देत तो अधिकारी झाला आणि त्यांचं बिऱ्हाड अधिकाऱ्यांच्या वसाहतीत आलं. तिथं आल्यापासून तिला धड हसतासुद्धा येईना. कुणासमोर किती हसायचं, कप कसा धरायचा, कुणाच्या आधी उठायचं नाही, सगळं ती चोरून बघून शिकत होती. नापास व्हायची भीती तिच्या पोटात कायमची बसली होती.

सासूबाईंना बोट लागायची, म्हणून त्या घरी राहिल्या. नवरा पहाटेच कामावर हजर झालेला. त्यामुळं बाबांना घेऊन जायचं काम तिच्याकडं आलं.

जहाजावर चढायच्या पुलाशी पहारेकऱ्यानं दोघांना एकेक बिल्ला दिला. वर एक तरुण अधिकारी पाहुण्यांना गोळा करून रीतिभाती सांगत होता. जहाजावर पाय ठेवताच झेंड्याकडं वळून मान द्यायचा. शिट्टी वाजवायची नाही. शिड्या उतरताना पाठमोरं उतरायचं, नाही तर कपाळमोक्ष ठरलेला.

"आणि एक जुना रिवाज," तो म्हणाला. "पाहुणा ज्यानं आणला, त्यानंच त्याला उतरवून न्यायचं."

"आणि नाही नेलं तर?" कुणी तरी विचारलं.

"मग तो जहाजाचा!"

सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. दोनचार माना वळल्या, आणि तिनं समुद्राकडं बघितल्यासारखं केलं.

जहाज बाहेर पडलं तसे बाबा लहान मूल झाले. दिसेल त्या खलाशाच्या पाठीवर थाप मारायचे, "काय रे पोरा, जेवलास का?" विचारायचे. नव्या शर्टाची वरची दोन बटणं त्यांनी केव्हाच उघडी टाकली होती. चहाच्या वेळी मागच्या डेकवर टेबलं मांडली. बाबांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि त्यांनी सरळ दोन बोटं घालून ते बाहेर काढलं. "बुडालं बघ जहाज!" असं ओरडून त्यांनी ते तोंडात टाकलं.

तेवढ्यात कॅप्टनच्या पत्नी तिच्याजवळ आल्या. त्यांना सगळ्या बायका कॅप्टनबाई म्हणत. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. पण त्यांच्यापुढं उभं राहिलं की तिला आपली साडी चुरगळल्यासारखी वाटायची.

"ते तुमचे सासरे का?" त्यांनी सहज विचारलं.

"छे हो," ती म्हणाली. तिचं तोंड तिच्या आधी बोलून मोकळं झालं. "शेजारचे गृहस्थ आहेत. फारच मागे लागले, म्हणून आणलं."

बोलून वळते तर बाबा तिच्या मागं उभे होते. हातात बशी. बशीत तिच्यासाठी आणलेली बिस्किटं. ती सकाळपासून उपाशी आहे हे त्यांच्याशिवाय कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

ऐकू कमी येणाऱ्या माणसाला नको ते बरोबर ऐकू येतं. बाबांनी एकदा तिच्याकडं बघितलं. मग कॅप्टनबाईंपुढं जरा वाकून, तिनं त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "हो, हो. शेजारचाच मी. ह्यांची मेहेरबानी."

बशी त्यांनी टेबलावर ठेवली, शर्टाची दोन्ही बटणं लावली आणि म्हणाले, "खाली इंजिन बघून येतो जरा."

तिला त्यांच्या मागं जायचं होतं. पण कॅप्टनबाई काही तरी सांगत होत्या, आणि मध्येच निघून जाणं बरं दिसलं नसतं.

जहाज धक्क्याला लागलं तरी बाबांचा पत्ता नव्हता. भोंग्यावरून पुकारा झाला, खलाशी खाली-वर धावले. पाहुणे उतरून गेले, डेक रिकामा झाला. आणि मग खाली जायच्या शिडीच्या तोंडातून बाबा वर आले. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. गळ्यापर्यंत बटणं. शर्टावर एक चुणी नाही.

"नमस्कार," ते म्हणाले. "माझ्यामुळं तुमचा खोळंबा झाला. माफ करा."

"बाबा, तुम्ही रागावलात ना?" रस्त्यात तिनं विचारलं.

ते सौम्य हसले. "मी कशाला रागावेन? आपली ओळख ती केवढी!"

रागावलेत, असंच तिनं स्वतःला समजावलं. रागावणारच. घरी गेल्यावर पाय धरू.

सासूबाईंनी दार उघडलं. काही तरी थट्टा करायला त्यांचं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी समोरच्या माणसाकडं बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून जिन्याकडं. मग बाजूला होऊन म्हणाल्या, "या. बसा ना."

पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पेल्यातून त्यांनी पाणी आणून दिलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, थोडं पाणी प्यायले, म्हणाले, "त्रास दिला तुम्हाला."

सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, हे कुठं राहिले?"

"अहो आई, असं काय करता? बाहेर बसलेत ना."

"ते पाहुणे गं. मी ह्यांचं विचारतेय."

 एवढ्या वर्षांचा संसार केलेली बाई... पण सासूबाईंच्या आवाजात थट्टा नव्हती. त्यांनी ओटा पुसायला घेतला आणि पुसतच राहिल्या. "पाहुण्यांचं जेवण इथंच का?" त्यांनी हळूच विचारलं.

नवऱ्याला पहिल्यांदा हसू आलं. "दोघांनी मिळून आपली गंमत चालवलीय," तो म्हणाला. मग त्याची गंमत सरली. घरात एक अत्यंत सभ्य माणूस वावरत होता. तो मोठ्यानं बोलत नसे. वाढलेलं मुकाट जेवे आणि आपलं ताट धुऊन ठेवी. रोज सकाळी दाराशी उभा राहून म्हणे, "तुमचे सासरे आले की त्यांना भेटून निघेन." सासूबाई सुनेच्या खोलीत निजायला आल्या. दिवसा त्या खिडकीशी बसून रस्त्याकडं डोळे लावत. त्यांचं अन्न तुटलं.

नौदलाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांना सगळीकडून तपासलं. "प्रकृती ठणठणीत आहे," ते म्हणाले. "आणि वयाच्या मानानं ऐकू फारच छान येतंय."

 त्या दिवसानंतर घरात कुणी कुजबुजेनासं झालं. कारण आतल्या खोलीत, दार लावून, श्वासागत आवाजात बोललं तरी बाहेरून ते विनयानं म्हणायचे, "मी जाऊ का थोडा वेळ बाहेर? तुम्हाला मोकळं बोलता येईल."

तिनं त्यांच्या नखांकडं बघायचं टाळलं होतं. एकदा ताट घेताना नजर गेलीच. नखं गुलाबी होती. काळी रेघ कुठंच नव्हती.

नवरा एका दुपारी घरी आला तो हात न धुताच बसला. "जहाजावर पोरं काहीबाही बोलतायत," तो म्हणाला. "इंजिन बंद असलं की खाली कुणी तरी खोकतं म्हणे. मोठ्यानं हसतं. एकाला विचारलं म्हणे, काय रे पोरा... जेवलास का?"



तेव्हा तिनं सांगितलं. कॅप्टनबाईंनी काय विचारलं, ती काय बोलली, बशी कुणाच्या हातात होती. सांगताना तिला वाटलं, त्यानं ओरडावं, हात उगारावा, काहीही करावं. त्यानं काहीच केलं नाही. वाकून तो बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"मीही त्या दिवशी त्यांना वरून बघितलं होतं," शेवटी तो म्हणाला. "हात हलवत होते मला. माझ्या बाजूला वरिष्ठ उभे होते. मी... दुर्बीण डोळ्याला लावली."

बाहेर खुर्ची किंचित सरकल्याचा आवाज झाला.

"परवा पहाटे जहाज निघतंय," नवरा म्हणाला. "लांबच्या फेरीवर. उद्या मी तुला आत घेतो. पण खाली तुलाच जावं लागेल. तू आणलं होतंस त्यांना."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पुलाशी उभी राहिली तर वर सगळ्या अधिकाऱ्यांच्या बायका जमलेल्या. लांबच्या फेरीआधी बायकांचा चहा असतो, तो त्याच दिवशी होता. तिचे पाय मागं फिरले. पहारेकरी बिल्ला पुढं करत म्हणाला, "बाईसाहेब, चहाला?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ओठांवर आलंही होतं.

"नाही," ती म्हणाली. "सासऱ्यांना न्यायला आलेय."

कॅप्टनबाईंनी ऐकलं. त्या दोन पावलं पुढं आल्या. "सासरे? ते कधी आले होते?"

"त्या दिवशी. माझ्याबरोबर." तिचे कान तापले. सगळ्यांचे कप हवेत थांबले होते. "शेजारचे नव्हते ते. मी खोटं बोलले. त्यांची... लाज वाटली मला."

 ती पाठमोरी होऊन शिडी उतरू लागली, आणि वर कडेनं उभ्या असलेल्या बायकांच्या पावलांचा घेर दिसेनासा झाला.

एक शिडी, मग दुसरी. खाली जावं तसा उजेड पिवळा होत गेला. तेलाचा, गंजाचा, तापून निवलेल्या लोखंडाचा वास. हा वास तिला ओळखीचा होता. बाबांच्या जुन्या कोटाला तो यायचा, आणि ती तो कोट बाल्कनीत टांगून ठेवायची. इंजिनखान्यात कुणी नव्हतं. यंत्रं माणसांसारखी गप्प उभी होती. कुठं तरी पाणी ठिबकत होतं. एकच दिवा जळत होता आणि त्याच्या पलीकडं नळांच्या मागं नुसता काळोख.

"बाबा..." ती हळूच म्हणाली. 

ठिबकणं थांबलं.

"बाबा... मी आलेय."

काळोखातून खोकला ऐकू आला. मग, अगदी जवळून, "कोण?"

 "मी..."

"कोण मी? मोठ्यानं बोल. कान गेलेत माझे."

"मी सून... तुमची सून..."

"कुणाची?"

हवा खेळती राहावी म्हणून तिथले नळ थेट डेकवर उघडतात. खाली शिंकलं तरी वर कळतं. तिला ते माहीत होतं. तिनं डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडली, "तुमची सून! तुम्ही माझे सासरे! चला घरी!"

आवाज लोखंडावर आपटत वर गेला. डेकवर कपबशीचा किणकिणाटसुद्धा नव्हता.

काळोखात हालचाल झाली. एकाच माणसाची नव्हे, असं तिला वाटलं. बरीच माणसं एकदम उठून उभी राहिल्यासारखी. मग खरखरीत, तेलकट बोटं तिच्या हातात आली.

तिनं मागं बघितलं नाही. हात धरून ती चढली. पहिली शिडी, दुसरी. मागून बाबांचा दम लागलेला श्वास. डेकच्या उन्हात पाऊल पडलं आणि हात रिकामा झाला. मागं कुणीच नव्हतं. बायका वाट देऊन उभ्या होत्या आणि एकही तिच्याकडं बघत नव्हती. फक्त पुलाशी पहारेकऱ्यानं तिच्या बिल्ल्यासाठी हात पुढं केला, तो घेतला, आणि तिच्या खांद्यामागं बघत तसाच हात पुढं धरून क्षणभर थांबला. मग गोंधळून त्यानं तो मागं घेतला.

वसाहतीच्या फाटकापासूनच तिला ते हसणं ऐकू आलं. ती जिने धावत चढली. बाबा खुर्चीत फतकल मारून बसले होते, शर्टाची बटणं उघडी, आणि सासूबाई पदरानं डोळे पुसत त्यांच्यावर ओरडत होत्या, "होतात कुठं इतके दिवस? घरी माणूस वाट बघतंय, त्याचं काही आहे का?"

"काय म्हणतेस? मोठ्यानं बोल!"

ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नखांच्या कडेला काळी रेघ होती. "काही खाल्लंस का गं सकाळपासून?" त्यांनी विचारलं. बस, एवढंच. त्या दिवसाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी तिला जेवढं जड गेलं नसतं, तेवढं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जहाज गेलं. नवराही गेला. ती धक्क्यावरून परत आली तेव्हा बाबा वाटाणे सोलत बसले होते. ती समोर बसून सोलू लागली. बऱ्याच वेळानं ते आपणहून म्हणाले, "माणसं बरी होती खाली."

तिचा हात थांबला. "कुठली माणसं, बाबा?"

"होती दोनचार. फारशी बोलायची नाहीत. वर कुणाची पावलं वाजली की सगळी मिळून छताकडं बघायची." त्यांनी एक शेंग फोडली. "एक बाई होती. फार मायाळू. मला म्हणाली, हाक आली की मागं वळू नका, सरळ निघा. आणि गंमत बघ, काल तू हाक मारलीस ना, तर माझ्या आधी तीच उठली."

"का?"

"म्हणाली, हा माझ्या लेकीचा आवाज. मी म्हटलं, नाही हो बाई, ही आमची सून. मग बसली परत. वाईट वाटलं मला."

तिच्या मांडीवरचे वाटाणे घरंगळत गेले.

नवरा अधिकारी झाला त्या पहिल्या वर्षी तिची आई चार दिवस राहायला आली होती. हेच जहाज दाखवायला म्हणून तिनं आईला नेलं होतं. कुणी तरी विचारलं होतं, ह्या कोण. तिनं काय सांगितलं होतं ते तिला आत्ता आठवलं. मदतीला आणलेली बाई. इतकं सहज बोलून गेली होती की नंतर ते तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

आई परत गावी गेली तेव्हापासून फोनवर तिला अहो-जाहो करायची. लेक अधिकाऱ्याची बायको झाली म्हणून आई मान देते, असंच ती धरून चालली होती. तिला ते आवडलंही होतं.

तिनं फोन लावला. आईनंच उचलला.

"आई, मी बोलतेय."

"हं, बोला ना. बऱ्या आहात ना तुम्ही?"

"आई... मी तुझी लेक."

 पलीकडून तोच मऊ, अदबीचा आवाज.

"हो का? त्या अजून आल्या नाहीत हो. मी आपली घर सांभाळतेय. आल्या की सांगते, तुमचा फोन होता म्हणून."